पंचवीस प्रतींचा हात

पुंजामामा, नमस्कार.

संपाच्या मांडवात लावायला चित्र पाठव म्हणालात, त्याला चार दिवस झाले. मी तुमचा फोन उचलत नाहीये. हे पत्रही बहुधा माझ्याकडेच राहील.

चित्र तुमच्याच हाताचं आहे. प्रेस मशीननं दोन बोटं नेली, तरी सातपूरच्या कारखान्याच्या गेटवर तुम्ही तोच हात वर करता आणि मग सगळे कामगार तीन बोटं वर करतात. मी पेन्सिलीनं तसाच काढला होता. गॅलरीच्या मॅडम म्हणाल्या, "एकजुटीचं चित्र ना? मग हात धडधाकट हवा. असा हात घरात कोण लावेल?"

मी भांडले नाही, मामा. मान डोलावली आणि लिनोवर, म्हणजे ठसा कोरायच्या रबरासारख्या मऊ पट्टीवर, पाच बोटं कोरली. शाई लावून मोजक्या पंचवीस प्रती छापल्या, नंबर घालून सह्या केल्या. सगळ्या विकल्या गेल्या.

आज पाच वाजता मॅडमसमोर त्या लिनोवर आडव्यातिडव्या सुरीनं रेघा मारायच्या आहेत, पुन्हा कुणी त्यावरून छापू नये म्हणून. तसा रिवाजच असतो. नवीन कोरायला आठवडा जाईल. पण त्याआधी चोरून तुमच्यासाठी एक प्रत काढता येईल. कोरून काढलेला भाग छापला जात नाही; दोन बोटं कापून टाकली की हात तुमचा होईल. पाच मिनिटांचं काम आहे.

सकाळपासून तीनदा सुरी त्या बोटांवर ठेवली. आता पावणेपाच झालेत. बोटं खोटी आहेत, मीच दिलेली.

तरी मामा, मला ती कापवत नाहीत.

तुमची भाची,
हर्षाली