दोष कवळीचा नव्हता

दि. १४, दुपार

प्रिय शिंपीणबाई,

सप्रेम नमस्कार. गुडघे काय म्हणतात?

सकाळपासून कानात शाळेतला आवाज घुमतोय. मास्तर टेबलावर छडीनं ताल धरायचे आणि सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा. अर्थ कळायचा नाही, पण पाठ व्हायची. आज जे सांगायचंय त्याचा अर्थ कळलाय आणि शब्द फुटत नाहीत.

खोकल्याचं निमित्त करून मी इतके दिवस खाली तुमच्याकडे फिरकलो नाही. ते खोटं होतं.

जिभेखाली फोड आला होता. दुखत नव्हता. मला वाटलं, नवी कवळी लागतेय, म्हणून दोनदा घासून आणली. शेवटी दंतवैद्य वैतागला. "आजोबा, आणखी घासली तर चमचाच उरेल! कवळीत दोष नाही. न दुखणारा फोड आहे, रक्त तपासून घ्या."

तपासलं. सिफिलिस निघाला.

डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, "तोंडानं संबंध ठेवता का?" मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"लाजू नका. रोग वय विचारून येत नाही."

"बाई, तेवढ्यानं काही होत नसतं, असं वाटलं होतं."

"सगळ्यांना तसंच वाटतं," म्हणाल्या. फोड आपोआप जातो, रोग मात्र आत राहतो. औषधानं बरा होतो. मी इंजेक्शन घेऊनच उठलो.

आता तुमचं. फोड, पुरळ काही नसलं तरी याच आठवड्यात रक्त तपासून घ्या. त्याच डॉक्टरीणबाईंना माझं नाव सांगा, म्हणजे त्या उपचारही लगेच सुरू करतील. घशाचीही तपासणी करून घ्या. तिथे दुसरे आजार गुपचूप बसतात म्हणे. आज काही निघालं नाही, तरी तीन महिन्यांनी पुन्हा. त्या हो म्हणेपर्यंत आपण नुसत्या गप्पा मारू. कुणाकडून कुणाला, हे मी विचारणार नाही. तुमच्याआधी माझी पाटी काही कोरी नव्हती, ठाऊकच आहे तुम्हाला.

तुम्ही दार लावून घ्याल, या भीतीनंच इतके दिवस

बेल वाजली. थांबा.

तुमची लेक! आपलं कळल्यापासून जिन्यात माझ्याकडे न बघणारी. "काका, आईनं चपला घातल्यात. तुम्ही येत नाही तर मीच जिने चढते म्हणतेय. चला बरं, नाहीतर तिला उचलून मलाच आणावं लागेल!"

तिला दारात थांबवून हे लिहितोय. पत्र दाराखालून सरकवणार होतो, आता हातातच देतो. आधी वाचा, मग बसा म्हणायचं की नाही ते ठरवा.

तोवर उंबऱ्याबाहेर उभा,
तुमचा वरच्या मजल्यावरचा