रागाचं रक्त कोणाचं?

मोर्शी

तीर्थस्वरूप किसनदादा यायले धाकट्या देवमनचा वाकून नमस्कार. अकोल्याचं ऊन कसं हाय? तुमच्या गुडघ्यानं यंदा तरी ऐकलं काय? वहिनीले सांगा, लिंबाचं लोणचं पोचलं, बरणी परत मागू नका. इकडं आमी सारे खुशाल हाव (सारे म्हणजे मी अन् मांजर, काहून ते सांगतो).

खुशी अमरावतीले मानसशास्त्र शिकून राहिली, तुमाले माहीतच हाय. सुट्टीत आली तं सांगे, बाबा, माणसाचा स्वभाव बराचसा शरीरातून येते. काही रक्तातून, काही हार्मोनमधून, अन् मेंदूत बदामाएवढा एक भाग हाय, तो पेटला का माणूस भडकते. दादा, असा आनंद झाला म्हणून सांगू! तीस वर्षं संसारात शकुन मले "सुधरा आता" म्हणून राहिली, अन् दोष निघाला बदामाचा. अख्खी मोर्शी म्हणतेच ना, देवमन म्हणजे हुबेहूब त्याचा बाप पुंजाजी. पुंजाजीबाबा तं चहात साखर कमी पडली का कप विहिरीत फेकत. मंग मी काय करणार? खुशी पुढं काहीतरी सांगतच होती, पण मी बदामावरच उठलो अन् वाडीत गेलो.

त्याच आठवड्यात बाजारात आमच्या भाजीच्या दुकानावर शकुननं एका म्हातारीले वांग्यावर मूठभर सांभार (खुशीच्या भाषेत कोथिंबीर) फुकट देल्ला. झालं, पेटला बदाम! भर बाजारात मी असा ओरडलो का बाजूचा कांदेवाला दुकान सोडून उभा राहिला (वांग्याची टोपली माह्या लातेनं कुठवर गेली ते विचारू नका). शकुन रडली नाही, तिथंच मले समजाले पायजे होतं. मी तिले समजावून सांगितलं, बाई, माह्या हातात काही नाही, हे रक्तातच हाय. तं म्हणते, "मंग रक्तालेच सांगा सैपाक कराले." अन् परतवाड्याच्या बसमधी बसून माहेरी गेली. आज नऊ दिवस झाले. माही भाकर मांजर हुंगते अन् माह्या तोंडाकडं पाहाते. खरं सांगतो दादा, घर खायाले उठते.

वरून खुशी अमरावतीले परत जाताना बॅग भरत म्हणते, बाबा, पुंजाजी आजोबाचं रक्त तुमच्यात आलं कोठून? तुमी तं तीन वर्षाचे असताना मावशीच्या घरी दत्तक आले! घ्या! इतक्या वर्षांत हे मीच विसरलो होतो. मावशीच्या नवऱ्याचं रक्त मले कसं लागन? अन् आपला जन्माचा बाप भगवंतबाबा, वासरानं पायावर पाय देल्ला तं वासरालेच "चुकलं रे बाबू" म्हणणारा माणूस! राहिलेलं अर्धं शास्त्रही पोरीनं तेव्हाच सांगितलं. बदामाले लगाम घालणारा भागही मेंदूतच हाय म्हणे, कपाळामागं, अन् वापरला तं मजबूत होते. (हे आधी सांगितलं असतं तं वांगे वाचले असते.)

बाकी संत्र्याचा बहार बरा हाय. वहिनीले नमस्कार.

तुमचा,
देवमन

ता.क. : मुद्द्याचं राहिलंच. आपले भगवंतबाबा लय तापट होते असं एक पत्र तुमच्या अक्षरात शकुनले टाका. एखादं ताटबिट फेकलेलं लिहा. फोन नको, तिले कागद लागते.

आणखी ता.क. : पाकीट चिकटवाच्या आधी राहवलं नाही, सांभाराची जुडी घेऊन परतवाड्याले जाऊन आलो. सासऱ्याच्या ओट्यावर उभा राहून म्हटलं, "चुकलं माहं." जन्मात पयल्यांदा. शकुननं जुडी माह्या हातातून घेतली. मंग म्हणे, "हे कोणाच्या रक्तातलं?" मले वासरू आठवलं. म्हटलं, "माह्या बापाच्या." तिनं पिशवी भरली. आज भाकर तिनं टाकली, मांजरही जेवलं.

शेवटचं ता.क. : तरी ते ताट फेकल्याचं पत्र पाठवाच. पेटीत ठेवतो, कधी कामी पडन.