फर्गस पिवळा पडला

ह्यूऑनविल, टास्मानिया
मंगळवार, ५ मे

प्रिय रो,

आम्ही सगळे खुशाल आहोत. पत्राची पहिली ओळ अशीच असते म्हणून लिहिली, पुढचं वाचून काय ते तूच ठरव. हे मी कागदावर लिहितोय आणि फोटो काढून तुला पाठवणार आहे. टाइप करायला बसलो की मी नको तेवढं पुसत बसतो.

शुक्रवारी तुला तिकडे बर्फातल्या संशोधन स्टेशनच्या साहेबांना उत्तर द्यायचंय, नोव्हेंबरच्या पहिल्या जहाजाने घरी यायचं की मार्चपर्यंत तिथलं स्वयंपाकघर सांभाळायचं. रविवारी तू मला विचारलंस आणि मी फटकन म्हणालो, "खुशाल रहा, इथे सगळं मजेत चाललंय." त्याबद्दल बोलायचंय. पण आधी घरची खबर घे, नाहीतर म्हणशील, हा माणूस कामापुरतंच लिहितो.

सफरचंदांची तोडणी आटोपत आलीय. पेटीत न बसणारी वेडीवाकडी फळं मी घरी आणतो आणि रोज काही ना काही भट्टीत ढकलतो. सफरचंदाचा केक तीनदा केला. पहिला मधे कच्चा राहिला, दुसरा कडेने जळला, तिसरा टिलीने "बरा आहे" म्हणून दोनदा मागून घेतला. आठ वर्षांची पोर, पण तोंडातून कौतुक काढायचं म्हणजे दाढ उपटण्यासारखं आहे. तुझ्यावर गेलीय. आन्झॅक बिस्किटांवरून तर आमचं चांगलंच वाजलं.

"आईची मऊ असतात," ती म्हणाली.

"सैनिकांना पाठवायची ती कडकच असायची," मी म्हणालो.

"मग त्यांनी ती खाल्ली की शत्रूला फेकून मारली?"

शेजारच्या बेव्हनेही री ओढली. म्हणे, "इवान, तुझं बिस्किट चहात बुडवलं. चहा संपला, बिस्किट आहे तसंच." आता तू तिथे पंचवीस माणसांना रोज ताजा पाव घालणारी बाई. तुझ्यासमोर मी काय बढाया मारणार?

थंडी पडायला लागलीय, त्यामुळे कपड्यांचा कारभार टिलीने हातात घेतलाय. जुन्या कपड्यांच्या दुकानातून तिने स्वतःला तपकिरी कॉर्डरॉयचा झगा आणि मोहरीच्या रंगाचे लांब मोजे घेतले आणि मला एक हिरवा स्वेटर. का, तर "काळं फुगीर जाकीट घालून सगळं गाव एकाच शाळेतलं वाटतं, बाबा." मी म्हटलं, अगं, ते जाकीट म्हणजे आपला टास्मानियाचा सूट, लग्नालाही चालतं. ऐकते कुठे. आता स्वेटर घालून बागेत गेलो की तोडणीवाले मला "या मास्तर" म्हणतात.

आपल्या धाकट्या फर्गसने मात्र वेगळंच खूळ घेतलं होतं. सगळं पिवळं हवं. टिलीचे जुने पिवळे मोजे, पिवळे गमबूट, माझी पावसाळी पिवळी टोपी, तीही घरात, जेवताना. एके दिवशी बघतो तर साहेबांनी कस्टर्डच्या पावडरीचा डबा खाली ओढलेला, गालांना आणि दोन्ही हातांना पावडर फासलेली. मी विचारलं, "हे काय रे?" तर म्हणाला, "मी पिवळा पडलो का?" मी म्हटलं, "पडलास की, पार लिंबू झालायस." एवढा आनंद झाला त्याला. मी तुला त्याचा फोटोही पाठवला होता, 'पानगळीची फॅशन' असं लिहून. तू खूप हसलीस. मीही हसलो होतो.

आता सांगतो.

आन्झॅक दिनाच्या आदल्या दिवशी बेव्ह कुंपणावरून ओरडली, "माउंट फील्डच्या डोंगरावर फॅगस पिवळा पडलाय, आठवड्याभरात सगळी पानं गळून जातील, पोरांना घेऊन जा." फर्गस माझ्या पायाशीच उभा होता. त्याने मान वर करून बेव्हकडे असं बघितलं, जणू तिने त्याचंच नाव घेतलं. मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात डबा, थर्मास, गाडीतलं पेट्रोल.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मारकावर सैनिकांना मानवंदना देऊन आम्ही निघालो. यंदा रंग असा चढलाय, रो, की सगळा उतार पेटल्यासारखा. तळ्याकाठी फोटोवाल्यांची ही गर्दी. आपल्या रानात हिवाळ्याआधी पानं गाळणारं झुडूप हा फॅगस एकच, त्याचं सगळ्यांना केवढं अप्रूप. टिली झगा पसरून एका खडकाला टेकली आणि मला हुकूम सोडत होती, असा फोटो काढ, तसा काढ. मी चहा ओतत होतो. फर्गस मागच्या धोंड्यावर चढलेला मला दिसला नाही. माझ्या खांद्याएवढा उंच धोंडा.

तो म्हणाला, "बाबा बघ, मी गळतोय."

त्याने उडी नाही मारली. हात पसरले, डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. मी हसलो, रो. खेळ वाटला म्हणून आधी हसलो, आणि मग त्याचा हात बघितला.

उजवा हात, मनगटाच्या थोडं वर, हाड मोडलंय. होबार्टला नेलं, प्लास्टर घातलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाड सरळ मोडलंय, तुकडे झालेले नाहीत, या वयात पाच-सहा आठवड्यांत जुळून येईल, काळजीचं काही नाही. हे खरं आहे. या पत्रात मी एकही खोटं लिहिणार नाही, तेव्हा विश्वास ठेव.

पण गाडीत काय झालं ते ऐक. टिली त्याला मांडीशी धरून बसली होती. हात रुमालाने गळ्यात बांधलेला, रडून रडून थकला होता, आणि मधेच एकदम शहाण्यासारखा म्हणाला, "आता मी पिवळा पडून झालो, गळून पण झालो. आता फक्त पालवी राहिली ना?"

मला काही कळेना. टिलीला कळलं. ती म्हणाली, "बाबा, बंदरावर आई मला काय म्हणाली होती आठवतंय? फॅगस पिवळा पडेल, मग गळून पडेल, आणि त्याला नवी पालवी फुटली की मी आलेच."

तू फॅगस म्हणालीस. त्याने फर्गस ऐकलं. जहाज सुटल्यापासून पोरगा त्याच तयारीला लागला होता, आणि मी फॅशन समजून फोटो काढत होतो.

याला दहा दिवस झाले आणि मी तुला कळू दिलं नाही. दोन्ही रविवारी फोनसमोर बसवण्याआधी त्याला टिलीचं जुनं जांभळं जाकीट घातलं, बाह्या लांब असलेलं. तू विचारलंस, "घरात जाकीट कशाला?" मी म्हणालो, "यंदाची फॅशन आहे." टिली माझ्याकडे बघत राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "बाबा, हे खोटं आहे ना?"

"खोटं नाही. सांगायचं राहिलंय."

"किती दिवस राहणार आहे?"

आठ वर्षांच्या पोरीपुढे मान खाली घालावी लागली मला.

का नाही सांगितलं? स्वतःला सांगत होतो की हिवाळ्यात तिकडून ना जहाज निघतं ना विमान, तू नुसती तळमळत बसशील. त्यात थोडं खरं आहे. पण मोठं कारण माझी ऐट. "तू जा, मी बघतो घराचं," असं सगळ्या गावासमोर छाती पुढे काढून मीच म्हणालो होतो ना. मला तुला दाखवायचं होतं की जमलं. केक, सहली, पोरांचे झकपक कपडे, बघ, काही कमी नाही. आणि तू मार्चपर्यंत राहू का विचारलंस तेव्हा नाही म्हणणं म्हणजे हरल्यासारखं वाटलं. एवढी कोती गोष्ट आहे. मला माफ कर.

काल मी फर्गसला नीट समजावलं. फॅगस म्हणजे झाड, फर्गस म्हणजे तू. झाडाला पानं येतात, माणसाला नाही. आई जहाजाने येते, तुझ्या पडण्याने नाही. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मग मी उगाच पडलो?"

मी त्याला जवळ घेतलं आणि बसून राहिलो.

आता माझं ऐक. तुला तिथलं काम आवडतं, तुझ्या आवाजातच कळतं. इथे शाळेच्या स्वयंपाकघरात बारा वर्षांत तुझा असा आवाज मी ऐकला नव्हता. म्हणून तुला अडवायला जीभ रेटत नाही. पण रविवारचं "खुशाल रहा" मी परत घेतो. ते मी मनापासून बोललो नव्हतो. शुक्रवारी काय सांगायचं ते तू ठरव, फक्त खरं माहीत असताना ठरव. तू मार्च म्हणालीस तरी मी रुसणार नाही. प्रयत्न करीन.

आणि एक. फर्गसच्या हातासाठी येऊ नकोस, तू येशील तेव्हा कुठला हात मोडला होता हे त्यालाही आठवणार नाही. टिलीसाठीही नको, ती आपल्या दोघांपेक्षा खंबीर आहे. यायचं असेल तर माझ्यासाठी ये. घर सांभाळतोय मी, ते जमतंय. तुझ्यावाचून राहणं जमत नाहीये, आणि हे तुला सांगायला पोराचं हाड मोडावं लागलं.

रविवारी तो जाकिटाशिवाय बसेल. प्लास्टर हिरवं आहे, घाबरू नकोस.

तुझा, आणि यापुढे विचारशील ते खरंच सांगणारा,
इवान