पसरणीच्या उताराला बंद केलेली गाडी

आवं सुमितचे पप्पा,

आज तुमच्या पोराला चपलेनं मारलं. पसरणी घाटात, रस्त्याच्या कडंला, चप्पल तुटंस्तवर! त्यो मार खरा तुमचा व्हता. तुमी हाताला लागत न्हाई म्हणून ह्ये पत्र.

तुमची गाडी त्यानं नीट करून घेतली, ठावं हाय का? नवा पत्रा, रंग त्योच पांढरा. "पप्पांची आठवण हाय," म्हणाला. आज पाचगणीस्नं येताना उतार लागला आन् त्यानं चावी फिरवून इंजन बंद केलं. तुमच्यावाणीच हसला. "मम्मी, आता ॲव्हरेज बघ! पप्पांनीच शिकवलंय." मी वरडून इंजन चालू करायला लावलं, गाडी कडंला घ्यायला लावली.

लय मोठं शिक्षण दिलंत, आवं! एवढी जुनी गाडी, तरी लिटरला बावीस पडतंय म्हणून गावभर मिशीला पीळ! बंद गाडीचा ब्रेक दगडावाणी घट्ट व्हतो, ह्ये कोण शिकवणार व्हतं त्याला?

त्या दिशी ह्याच घाटात, बंद गाडीत, वळणावर तुमी ब्रेकवर पार उभं ऱ्हायलात. गाडी थांबंना, तवा दरी सोडून डोंगराकडं वळवलीत. तुमची बाजू कड्याला दिलीत. माझा दात तुटून जिभेवर आला. मांडीवरची स्ट्रॉबेरीची पेटी अंगावर फुटली. मी लालभडक, लोकांना वाटलं बाईच गेली. तुमचा शर्ट मातूर पांढराशुभ्र! स्टेरिंगनं छाती आतल्या आत फोडली व्हती.

मला वाचवलंत, कळतंय मला. पर इंजन बंदच का केलंत? कशाला?

ब्रेक फेल झालं, असं मी समद्यांस्नी सांगितलं. तुमची अब्रू राखली. आज चप्पल हाणता हाणता पोराला खरं सांगितलं.

घरी आल्यावर पहार घेतली. काचा, दिवे, बॉनेट, समदं फोडलं. जाऊ धावत आली, "आवं ताई, याड लागलं का?" लागलं! तळहाताची सालटी निघाली. सुमित जवळ आला, मला वाटलं आता पहार धरतोय. त्यानं चावी माझ्या हातात दिली आन् तिथंच मातीत बसून रडला.

शब्द देते, पोराला असलं मरण येऊ देणार न्हाई. चावी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलीया. वर भेटलात की पयलं दोन मुस्काटात द्यीन. मग ही चावी तुमच्या हातात. गाडी चालू करायची, आन् कितीबी उतार आला तरी चालूच ठिवायची. मी शेजारी बसते.

तुमचीच,
शोभा