मोठ्या बाईंची जोडगोळी

३ मार्च

“तुम्ही आया आहात, डॉक्टर नाही!” — मोठ्या बाईंचे चिरंजीव. बरं! आया आहे म्हणूनच दिवसभर त्यांचा श्वास ऐकते. तुम्ही ऐकता?

बाई निवृत्त मुख्याध्यापिका. खुब्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले. हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्यावर दिलेल्या एका गोळीत दोन औषधं. मी तिला जोडगोळी म्हणते. आणि घरच्या डॉक्टरांनी अधूनमधून घ्यायला दिलेली झोपेची गोळी वेगळीच. या डॉक्टरचं त्या डॉक्टरला माहीत नाही! खोक्यातला कागद चष्मा लावून दोनदा वाचला. जोडगोळी आणि झोपेची एकत्र नको, श्वास मंदावतो. स्पष्ट छापलंय. झोपेची देणार नाही म्हणजे नाही.

४ मार्च

सरळ हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. “बरं झालं विचारलंत. झोपेची बंद. सर्दीची गोळीही नको. तीत जोडगोळीतलंच तापाचं औषध असतं, यकृतावर दुप्पट भार. घोरतात का?”

“घोरतात. मध्येच श्वास अडकतो.”

“मग डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.”

चिरंजीवांनी झोपेच्या गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढे आपटलं. “घ्या! आता तुमचंच राज्य!” घेतलं. लाजायचंय कशाला?

५ मार्च

बाई विनवत होत्या. “एकच दे गं. डोळ्याला डोळा लागत नाही.” नाही म्हटलं. रुसल्या, भिंतीकडे तोंड करून पडल्या. तरी दिली नाही.

६ मार्च

आजचं सगळं लिहून ठेवते.

जेवण झाल्यावर भांडी ठेवून आले तर बाई हलवूनही उठेनात. डोळे अर्धवट, ओठ निळसर. घड्याळ लावून श्वास मोजले — मिनिटाला आठ! आधी ॲम्ब्युलन्सला फोन, मग चिरंजीवांना हाक.

“तुम्हीच दिलीत! माझ्या पाठीमागे!”

“आईशप्पथ, नाही दिली!”

“खोटं!” शेजारीपाजारी ऐकतील इतकं ओरडले. त्यांचा चेहरा पांढराफटक. “उद्यापासून येऊ नका,” म्हणाले.

नाही येणार. पण गाडी येईपर्यंत जागची हलले नाही. बाईंची हनुवटी वर धरून बसले, हाका मारत राहिले. काढा बघू बाहेर!

७ मार्च

घरीच. पश्चात्ताप? मुळीच नाही!

८ मार्च

चिरंजीवांचा फोन. बाई शुद्धीवर आल्या. कपाटात पावडरच्या डब्यात जुन्या झोपेच्या गोळ्या सापडल्या. त्यांच्या त्यांनीच घेतल्या होत्या, लपवून. “मला नुसतं झोपायचं होतं रे,” म्हणाल्या म्हणे, आणि रडल्या.

मग ते म्हणाले, “ताई, परत याल?”

उद्या जाते. आधी बाईंचे पाय धरायचे. मग कपाटाची किल्ली मागायची.