कंपनीचे टायर आणि आपलं रबर

माझी धाकटी बहीण एलिक्कुट्टी हिला पाला गावाहून थोरल्या त्रेस्याम्माचे आशीर्वाद. प्रभूची कृपा तुझ्या घरावर, तुझ्या मिरीच्या वेलांवर आणि (उरलीच तर) तुझ्या गुडघ्यांवरही राहो. माझ्या गुडघ्यांचं विचारू नकोस, ते स्वतःच मोठ्याने बोलतात. हे पत्र सून लीलाम्मा लिहिते आहे. अक्षर तिचं, अक्कल माझी. (इथे तिने नाक मुरडलं. तेही लिही म्हटलं तर ऐकत नाही.)

तर आपल्या कुरियाच्चनने नवी गाडी घेतली. रविवारी मिस्सा झाल्यावर पाद्रीबाबांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, थोडं टायरांवरही पडलं, हे मी मुद्दाम पाहून घेतलं. पण माणसं गाडीभोवती जमली आणि जो तो टायराला लाथ मारून पाहू लागला. शेजारचा वर्की, ज्याने जन्मात सायकलीखेरीज काही चालवलं नाही, तो म्हणाला, "कुरियाच्चा, हे कंपनीचे टायर आधी काढून टाक. गाडी पेट्रोल कमी पिते असं दाखवायला हलका माल बसवतात. दोन पावसाळ्यांत गुळगुळीत गोटा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या पोटच्या पोरानेही डोलावली!

एली, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टायर कशाचा? रबराचा. रबर कुठलं? आपल्या मातीतलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्या झाडांचा चीक गोळा करून त्याच्या शीट लाटते आणि धुरावर वाळवते आहे. माझी शीट उजेडाला धरली की मधासारखी दिसते, आत बुडबुडा नाही की वाळूचा कण नाही. व्यापारी ती पहिल्या प्रतीत टाकतो आणि वर्कीची शीट पाहून नुसता खोकतो. आता टायर काही उजेडाला धरता येत नाही, म्हणून मी तिथेच वाकून नखाने दाबून पाहिला, वासही घेतला. "आपलंच रबर आहे," मी सांगितलं, "आणि याच टायरांवर मी एलीच्या नातीच्या लग्नाला इरिट्टीला जाणार. यांना कुणी हात लावायचा नाही!" आख्ख्या चर्चच्या अंगणात बोलले गं. आता शब्द मागे कसा घेणार?

आपल्या धूरघराजवळचा चढ तुला ठाऊकच आहे. रविवारी कोरड्यात गाडी चढली. काल बाजारातून येताना मात्र सर पडून गेलेली. गाडी अर्ध्यावर आली, विचारात पडली आणि मागे सरकू लागली. चाकं जागच्या जागी गरगर. लीलाम्माने सगळे संत एकदम बोलावले. मागून सायकल ढकलत येणारा वर्की ओरडला, "त्रेस्याम्मा चेडत्ती, तुमचं रबर घरी यायला तयार नाही हो!"

मी उतरले. धूरघरात टांगलेल्या माझ्या पहिल्या प्रतीच्या शीट काढून आणल्या आणि चाकांखाली अंथरल्या. कुरियाच्चन कळवळला, "अम्मच्ची, गोणपाट घालू या, ही नासाडी कशाला?" म्हटलं, "तू गाडी चालव." पहिली शीट चाकाने मागे भिरकावली, ती थेट वर्कीच्या छातीवर. (देव बघतो.) दुसऱ्या खेपेला गाडी सरसर वर! टायर शेवटी रबराचंच लेकरू. घसरलं, पण आईचा पदर हाती लागताच चढलं. असा मान आख्ख्या पालात कुणाच्या शीटला मिळालाय, सांग?

लग्नात माशाच्या कालवणात कोडंपुळीच घाल, चिंच नको.

तुझी थोरली,
त्रेस्याम्मा

ता. क. तुझ्या जोयचं टायरचं दुकान आहे ना? चार चांगले टायर गुपचूप पाठव. शुक्रवारी कुरियाच्चन बसने कोचीला जाईल, तेव्हा बसवून घेते. हे टायर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण तुझ्याकडचा घाट मी पाहिलाय. तिथवर अंथरायला इतक्या शीट मी कुठून आणू?

आणखी ता. क. पाठवू नकोस! दुपारी जरा डोळा लागला होता. उठले तर कुरियाच्चन म्हणाला, चल, चक्कर मारू. त्याच ओल्या चढावर गाडी बकरीसारखी चढली! उतरून नखाने दाबून पाहिलं. आपलंच रबर! नव्या सुनेसारखं असतं ते, रुळायला थोडा वेळ द्यावा लागतो. वर्कीला घरी जाऊन सांगून आले.

(मावशी, हे लीलाम्माकडून. अम्मच्ची झोपल्या होत्या तेवढ्यात यांनी चारही टायर बदलून आणले आणि नवेपणा दिसू नये म्हणून मी त्यांना चिखल फासला. कृपा करून कुठे बोलू नका. पत्र पाकिटात घालण्याआधी त्या मला पुन्हा वाचून दाखवायला लावतात. एवढा कंस सोडून वाचीन.)