नाण्यावरचं पुढचं नाव

१२ एप्रिल
आज रुजू झाले. सुरखान नदीकाठचं हे संग्रहालय म्हणजे तीन खोल्या आणि जर्दाळूचं एक झाड, पण माझं टेबल खिडकीशी आहे. कापसाच्या शेतात सापडलेल्या मडक्यातली एकेचाळीस ग्रीक नाणी माझ्या हवाली झाली. प्रमुख मावजुदा-आपांनी तंदुरात भाजलेले गरम समसे मागवले. चौकीदार तोशतेमिर-अकांनी चहा ओतता ओतता विचारलं, "पाच वर्षं मेलेल्यांची भाषा शिकलीस, पोरी. उत्तर तरी देतात का ते?" सगळेच हसलो. समरकंदला आईकडे ठेवलेल्या माझ्या लेकीला, ओयदिनला, फोनवर सांगितलं, शाळा संपली की इकडेच ये.

१५ एप्रिल
पहिलं नाणं स्वच्छ झालं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला राजा, दुसरीकडे ग्रीक अक्षरं: 'राजा'. पुढे त्याचं नाव हवं. तिथला हिरवा गंज काढला आणि अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचलं. तोशतेमिर. शिरस्त्राणाखाली त्यांचंच बाकदार नाक. अकांना दाखवलं. ते हसले नाहीत. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, गंज होता तेच बरं होतं.

१६ एप्रिल
अका आले नाहीत. आपांना विचारलं, तर म्हणाल्या, "कोण तोशतेमिर? आपल्याकडे चौकीदार होता कधी?" थट्टा वाटली, म्हणून त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको अंगणात कपडे वाळत घालत होती. म्हणाली, माझं तर लग्नच झालेलं नाही. दोरीवर पुरुषाचा अंगरखा होता. त्याच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

१८ एप्रिल
मी आणखी एकही नाणं साफ करणार नव्हते. पण आपाच एक घासून घेऊन आल्या, कपाटात लावायला माहितीची चिठ्ठी लिही म्हणाल्या. मी बघणार नव्हते. पण अक्षरओळख एकदा झाली की डोळे थांबत नाहीत — मावजुदा.

१९ एप्रिल
त्यांच्या खुर्चीवर धूळ. कित्येक वर्षांची. शेजारचे सांगतात, इथे मी एकटीच आहे — पहिल्यापासून —

२० एप्रिल, दुपार
मडकं शेतात परत पुरायला आणलंय. एक नाणं घरंगळलं. डोळे मिटून उचललं. डाव्या मुठीत आहे. मूठ उघडत नाही. उजव्यानं लिहितेय.
अंगठ्याला अक्षरं लागतायत —
गोल. ओ.
उभी रेघ. य.
त्रिकोण. द —
नको. दुसरं नाव आठव. कुणाचंही —
परत उभी रेघ. आता एकच उरलंय. अंगठा काढायचाय, पण तो